मुलांच्या आकडीची पन्नास वर्षं

1976 साली संसदेनं विवाहविषयक कायद्यांत मोठी दुरुस्ती केली. परस्परसंमतीनं घटस्फोट घेण्याची वाट हिंदू विवाह कायद्यात त्याच वर्षी खुली झाली, त्यामुळे पुढारलेलं पाऊल म्हणून या दुरुस्तीचं नाव निघतं आणि ते रास्तच आहे. पण त्याच दुरुस्तीत दोन-चार शब्द असेही आले, ज्यांनी हजारो घरांच्या तोंडचं पाणी पळवलं. ज्याला वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येतात, तो विवाहास पात्र नाही, असं त्या शब्दांनी ठरवून टाकलं. 1955 च्या मूळ कायद्यात अपस्माराचं नावसुद्धा नव्हतं. आता मात्र फिट येणाऱ्या मुलीचं लग्न झालंच, तर सासरचे कोर्टात जाऊन ते रद्द ठरवून घेऊ शकत होते. नोंदणी विवाहाच्या, म्हणजे विशेष विवाह कायद्यातही हीच तरतूद आली.

त्याच वर्षाच्या सुमारास, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेला एक तरुण महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. नाव हिंमतराव बावस्कर. तांबडा विंचू चावला की इथली धडधाकट पोरं रात्रीतून छातीत पाणी भरून जात होती आणि त्यावर उपाय नव्हता. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. घाम, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा, सगळं तासातासानं टिपत गेले. 1982 साली त्यांची निरीक्षणं आणि 1986 साली प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपाय लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. विंचवाच्या दंशानं मरणारी मुलं वाचू लागली. महाडनं जगाला दिलेला हा उपाय आहे आणि 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली, हे इथल्या माणसाला अभिमानानं माहीत आहे.

विंचवाच्या बाबतीत ज्ञान महाडहून जगाकडे गेलं. आकडीच्या बाबतीत ते जगाकडून महाड-पोलादपूरकडे यायचं होतं. त्या प्रवासाला फार वेळ लागला, आणि वाटेत जो वेळ गेला त्याची किंमत मुलांनी मोजली.

आकडी, फिट, फेफरं, मिरगी अशी नावं घरोघर वेगळी, पण चित्र एकच. पोर खेळता खेळता डोळे फिरवतं, दातखीळ बसते, हातपाय झटकू लागतात, तोंडाला फेस येतो. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातात चमचा कोंबतो. दोन-तीन मिनिटांत झटका आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. मग गावदेवीला गाऱ्हाणं, गुरवाकडून कौल, भगताचा अंगारा. हे करणाऱ्या माणसांना मी अडाणी म्हणणार नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ज्या वाडीचा रस्ताच तुटतो, तिथं रात्री दोन वाजता हाताशी दुसरं काय असतं?

खरा घाव दुसरीकडे बसायचा. झटका ओसरला की पहिला प्रश्न सुनेला: “तुझ्या माहेरी होतं का कुणाला?” 1976 च्या कायद्यानं हाच प्रश्न सरकारी शिक्क्यानिशी विचारला. रोग वंशात आहे, म्हणून वंशच थांबवा, असा त्यामागचा हिशोब. हा हिशोब भारतात जन्मलेला नव्हता. 14 जुलै 1933 रोजी हिटलरच्या जर्मनीनं ‘आनुवंशिक रोगी संतती’ रोखण्याचा कायदा केला. सक्तीनं नसबंदी करण्याच्या रोगांच्या यादीत ‘आनुवंशिक अपस्मार’ होता. त्याच जर्मनीत 1912 साली आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरनं फेनोबार्बिटल हे झोपेचं औषध फिट येणाऱ्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं. वॉर्डाजवळच तो राहायचा आणि रात्रीच्या झटक्यांनी रुग्णांची नि त्याची स्वतःची झोप मोडायची, म्हणून त्यानं हा प्रयोग केला, असं सांगतात. झोप तर लागलीच, शिवाय दिवसाचे झटकेही उतरले. नाझी राजवटीत ज्यू म्हणून हाउप्टमानचं पद गेलं आणि शेवटी त्याला अमेरिकेत आसरा घ्यावा लागला. रोग्याला नष्ट करू पाहणाऱ्या राज्यानं रोगाचं औषध शोधणाऱ्यालाही हाकललं. आपल्याकडे ‘गार्डिनल’ या नावानं तीन पिढ्यांनी घेतलेली गोळी ती हीच.

औषध असूनही ते मिळायचं कुठं? महाड-पोलादपूरच्या पोरांसाठी त्या काळी उत्तर एकच होतं: परळ. इथले बापे गिरणीत. लालबाग-परळच्या चाळींत गावागावाच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत दहा-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. आणि चालत जाण्याच्या अंतरावर 1926 सालापासूनचं केईएम आणि 1929 पासूनचं लहान मुलांचं वाडिया रुग्णालय. कापडे किंवा पितळवाडीची बाई पोराला घेऊन एसटीनं पोलादपूर गाठायची, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई, सकाळी खोलीवर आंघोळ आणि मग वाडियाची रांग. महिन्याची गोळी गावाकडे येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून पोचायची. 18 जानेवारी 1982 ला गिरणीसंप सुरू झाला, खोल्या एकेक करून सुटल्या, माणसं गावी परतली. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बोनस, पगार, युनियन हे सगळं लिहिलं. त्या खोल्यांबरोबर मुंबईतल्या उपचाराचा एक फुकटचा मुक्कामही मोडला, हे कुठं लिहिलेलं मला आढळलं नाही. गोळी चुकली की झटका परत येतो, आणि अचानक बंद केली तर झटक्यामागून झटका लागून पोर दगावूही शकतं.

या काळात दूर फ्रान्समध्ये, मार्सेच्या सेंट पॉल केंद्रात, शार्लोट द्राव्हे नावाची डॉक्टर बावस्करांसारखंच काम करत होती. खाटेशी बसून टिपणं. 1978 साली तिनं बाळांच्या एका वेगळ्याच अपस्माराचं वर्णन छापलं.

ते चित्र जवळून बघण्यासारखं आहे. पाच-सहा महिन्यांचं, अंगानं भरलेलं, हसरं बाळ. बाळंतपण नीट झालेलं, मान वेळेवर धरलेली. एक दिवस थोडा ताप येतो. ताप फार नाही, अंग कोमट म्हणावं इतकाच. आणि झटका सुरू होतो, तोही बरेचदा फक्त एका बाजूला, उजवा हात आणि उजवा पाय. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास, थांबतच नाही. दवाखान्यात सुई देऊन तो थांबवतात, डोक्याचा स्कॅन काढतात, स्कॅन स्वच्छ. “ताप डोक्यात गेला,” असं म्हणून घरी पाठवतात. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा ताप, पुन्हा झटका, या वेळी डावीकडे. गरम पाण्याच्या आंघोळीनंसुद्धा येतो. वर्ष उलटतं आणि मग बिनतापाचेही येऊ लागतात. दुसऱ्या वर्षापासून बोलणं मागे पडतं, चाल डळमळते. ताप आला की झटका येणारी बाळं शंभरात दोन ते पाच असतात आणि त्यांतली बहुतेक सहाव्या वर्षापर्यंत ठणठणीत होतात. द्राव्हेनं वेगळं काढलेलं बाळ त्यांतलं नाही. साधारण 15 ते 40 हजार जन्मांमागे असं एक बाळ असतं.

या झटक्याचं मूळ कुठं, हे द्राव्हेला तेव्हा माहीत नव्हतं. ते कळायला आणखी तेवीस वर्षं लागली.

मधल्या काळात मुंबईत दोन कामं झाली, ज्यांची आठवण मराठी वाचकानं ठेवायला हवी. पहिलं भरुचा या डॉक्टर पितापुत्रांचं. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये सुमारे 14 हजार माणसांची घरोघर पाहणी करून अपस्मार किती जणांना आहे, हे त्यांनी मोजलं. 1988 मध्ये छापलेलं उत्तर होतं हजारी 4.7. पारशी समाज लहान, लग्नं आपसांत होणारी, त्यामुळे तिथं हा आकडा फुगलेला असेल, अशी अनेकांची अटकळ असणार. तसा तो निघाला नाही. जगभर साधारण इतकाच असतो. ‘घराण्याचा रोग’ या समजुतीला हा पहिला धक्का मुंबईनं दिला.

दुसरं काम बॉम्बे हॉस्पिटलच्या डॉ. भीम सिंघल यांचं. त्यांच्याकडे काही मुलं येत होती, पहिल्याच वर्षात डोकं मोठं झालेली, उशिरा चालू लागलेली आणि पुढं हळूहळू चाल गमावणारी. फिट्सही येत. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग सुजल्यासारखा दिसे. सिंघलांच्या लक्षात आलं की यातली मुलं पुन्हा पुन्हा अगरवाल कुटुंबांतली आहेत. 1991 आणि 1996 मध्ये त्यांनी हे मांडलं. 2001 मध्ये परदेशात त्याचं जनुक सापडलं, एमएलसी-1, आणि 2004 मध्ये सिद्ध झालं की अगरवाल मुलांमध्ये त्यातली एकच, एकाच जुन्या पूर्वजाकडून आलेली चूक आहे. इथं आईबाप दोघंही धडधाकट, पण दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असते. बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळाल्या तरच रोग. प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल ज्या जातींमध्ये आहे, त्यांनी हे गणित जाणून घेतलंच पाहिजे. पण यातही दोष एकट्या सुनेचा नाही. निम्मा वाटा बापाकडून आलेला असतो, आणि ‘तुझ्या माहेरी होतं का’ हे विचारणाऱ्यांनी तो कधी धरला नाही.

1995 साली अपस्माराचं पहिलं जनुक सापडलं. ते रात्री झोपेत येणाऱ्या झटक्यांचं होतं आणि ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या कुटुंबात पिढ्यानपिढ्या उतरलेलं होतं. म्हणजे काही अपस्मार खरोखर वंशात उतरतो. 1976 चा कायदा करणाऱ्यांना वाटलं असतं, बघा, आम्ही म्हणत होतो ते खरं! पण विज्ञान तिथं थांबलं नाही, आणि सुदैवानं देशही थांबला नाही. 1970 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशननं ही तरतूद काढून टाकावी म्हणून पाठपुरावा चालवला होता. डिसेंबर 1999 मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘किंवा अपस्मार’ हे शब्द दोन्ही कायद्यांतून गेले. तेवीस वर्षं ते राहिले. तेवढ्या वर्षांत किती मुलींचे झटके लपवले गेले, लग्नाच्या मांडवात गोळी न घेता किती जणी उभ्या राहिल्या, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

2001 मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प शहरातल्या संशोधकांनी द्राव्हेनं वर्णन केलेल्या आजाराची सात मुलं तपासली. सातही जणांत एससीएन-1-ए या एकाच जनुकात बिघाड निघाला. आणि त्या मुलांच्या आईबापांचं रक्त तपासलं, तर त्यांच्यात तो नव्हता. चूक बाळातच नव्यानं घडली होती, बीज तयार होताना, कुणाच्याही हातून काहीही न होता. पुढच्या वर्षांत जगभर हेच दिसलं. या आजाराच्या बहुसंख्य मुलांत बिघाड नवाच असतो. माहेरचं घराणं, सासरचं घराणं, ग्रहणात चिरलेली भाजी, कशाचाही संबंध नाही.

हे जनुक करतं काय? मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक लहरींनी बोलतात आणि ती लहर उठायला सोडियमचे कण आत घेणारी दारं लागतात. एससीएन-1-ए ही त्यांतल्या एका दाराची आज्ञा. हे दार मुख्यतः शांत करणाऱ्या, लगाम घालणाऱ्या पेशींमध्ये कामाला येतं. दोनपैकी एक प्रत बिघडली की निम्मीच दारं उरतात आणि शांत करणाऱ्या पेशी थकतात. आवणाच्या दिवसांत खाचराची मोरी बुजली तर पाऊस नेहमीचाच असूनही बांध फुटतो, तसं हे. विजेचा लोट जास्त नसतो, त्याला वाट करून देणारी पेशीच अपुरी पडते.

याच समजुतीमुळे उपचार बदलला, आणि म्हणूनच हा इतिहास निव्वळ प्रयोगशाळेचा नाही. फिटवरची कित्येक नेहमीची औषधं, कार्बामाझेपिन (टेग्रेटॉल), फेनिटॉइन (एप्टोइन), लॅमोट्रिजिन, ही सोडियमची दारं दाबूनच काम करतात. बाकीच्या अपस्मारांत ती गुणकारी आहेत. द्राव्हेच्या बाळात आधीच निम्मी असलेली दारं ती आणखी दाबतात आणि झटके वाढतात. डॉक्टर डोस वाढवतो, झटके आणखी वाढतात. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम मात्र उपयोगी पडतात. 2000 साली स्टिरिपेंटॉलची चाचणी छापून आली, 2018 मध्ये अमेरिकेनं कॅनाबिडिऑलला मान्यता दिली. द्राव्हेचा आजार नसलेल्या काही बाळांचे झटके ब-6 जीवनसत्त्व दिलं की थांबतात. हे 1954 पासून ठाऊक होतं, त्याचं जनुक 2006 मध्ये सापडलं. ते ओळखलं नाही तर बाळ जातं, ओळखलं तर अगदी स्वस्तातल्या जीवनसत्त्वावर जगतं. दुसऱ्या काही मुलांच्या मेंदूत साखरच नीट पोचत नाही. त्यांना तूप-तेल भरपूर आणि भात-भाकरी जवळपास बंद असा आहार देतात. 1921 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये सुचवलेला हा आहार आजही मोठमोठ्या औषधांच्या तोडीस तोड उतरतो.

लसीचाही एक काटा यातून निघाला. त्रिगुणी लसीनंतर ताप येतो, तापात झटका येतो, मग “सुईनं पोराचं वाटोळं केलं” ही बातमी वाडीवाडीत पसरते आणि नर्सबाईला पुढच्या महिन्यात कुणी दारात उभं करत नाही. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सॅम बर्कोविक यांच्या गटानं, लसीमुळेच मेंदू बिघडला असं ज्यांच्याबद्दल धरलं गेलं होतं, अशी 14 मुलं तपासली. 11 जणांत एससीएन-1-एचा बिघाड निघाला. लस दिली नसती, तरी पुढचा ताप आलाच असता. लसीवर गेलेला आरोप त्या मुलांच्या आईवर परतून आला नाही, हे या शोधाचं मोठेपण.

पण जनुकाच्या दिव्यात डोळे दिपून जाऊ नयेत. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांची आकडी जन्माच्या वेळच्या इजेतून, मेंदूज्वरातून, क्षयातून, पोटातून मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्यांतून येते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. व्रजेश उदाणी यांनी सहकाऱ्यांसह 2009 मध्ये दाखवून दिलं की बालवयात सुरू होणाऱ्या अपस्माराचं एक मोठं कारण म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातली साखर उतरणं. बाळाला दूध नीट मिळालं नाही, ते सुस्त पडून राहिलं, “शांत आहे हो,” असं कौतुक झालं आणि मेंदूचा मागचा भाग कायमचा दुखावला. याला ना जनुक लागतं, ना परदेशी औषध. पहिल्या तासात अंगावर पाजणं आणि सुस्त बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब तपासणं पुरेसं आहे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतल्या कुठल्याही जनुकाच्या शोधाइतकंच हे वाक्य मोलाचं आहे.

साध्या गोळीचंही तसंच. 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या मुलांवर झालेली चाचणी लॅन्सेटमध्ये आली. स्वस्त फेनोबार्बिटलमुळे मुलं चिडकी, बिथरलेली होतात, ही भीती तिथं खरी ठरली नाही. 2001 मध्ये बेंगळुरूचे डॉ. के. एस. मणी यांनी कर्नाटकातल्या येळंदूर भागात दाखवलं की हीच स्वस्त औषधं देऊन, खेड्यातच पाठपुरावा ठेवून, बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात. अपस्माराच्या दहापैकी सात रुग्णांचे झटके औषधानं थांबवता येतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्या तिघांसाठी जनुकाची तपासणी, शस्त्रक्रिया, आहार. पण पहिल्या सातांना गोळीच मिळाली नाही, तर ते तीन ओळखायचे कसे?

आज चित्र पूर्वीचं राहिलेलं नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या नि शाळांतून मुलं तपासतात आणि त्यांच्या यादीत झटक्यांचा आजार आहे. रायगड जिल्ह्याला अलिबागमध्ये स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. जनुकांची तपासणी पूर्वी परदेशी पाठवावी लागे, आता देशातच काही हजार रुपयांत होते. तो खर्च पोलादपूरच्या शेतकऱ्याला आजही जड आहे आणि तो सरकारनंच उचलायला हवा, निदान दोन वर्षांच्या आत झटके सुरू झालेल्या नि औषधाला दाद न देणाऱ्या बाळांसाठी तरी.

22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या, अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळियेत डोंगर कोसळला. असा पूर पुन्हा येणार नाही, असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून महाड-पोलादपूरच्या ज्या घरात फिटची गोळी चालू आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. मृग लागण्याआधी महिन्याभराची गोळी जास्तीची घेऊन ठेवा आणि ती प्लास्टिकच्या डब्यात उंचावर ठेवा. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. झटका आला तर पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, जमलं तर मोबाइलवर त्याचं चित्रण करा, कारण डॉक्टरला ते दहा तपासण्यांपेक्षा जास्त सांगतं. पाच मिनिटांत थांबला नाही तर वाट न बघता दवाखाना गाठा. आणि बाळाला वर्षाच्या आत तापात लांबलेला, एका अंगाचा झटका आला असेल, तर मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरला “द्राव्हेचा आजार असू शकेल का?” असं स्वतः विचारा.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती आहे की पावसाळ्याचा औषधसाठा मागवताना सर्पदंशाच्या नि विंचवाच्या औषधांशेजारी फेनोबार्बिटल, व्हॅल्प्रोएट आणि झटका थांबवणाऱ्या मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा यांचीही मागणी न चुकता लिहा.